मेक्सिकन चिकनची चव पाकिटात नव्हे, तव्यावर!

- प्रतिनिधी

मिरची भाजणे, वाटणे आणि वाटण तेलात परतणे या तीन क्रियांवर मेक्सिकोतील घरगुती स्वयंपाक उभा आहे. मराठी स्वयंपाकघराला या क्रिया परक्या नाहीत. तरीही घरी केलेले 'मेक्सिकन' चिकन अनेकदा फसते. ते का फसते आणि उपलब्ध साहित्यात ते चविष्ट कसे करता येईल, याचा हा आढावा.

रविवारी कोंबडीचा रस्सा हा बहुतेक मांसाहारी मराठी घरांतला शिरस्ता. अलीकडे मात्र घरातील धाकटी मंडळी 'या रविवारी मेक्सिकन करू या' असा हट्ट धरू लागली आहेत. मग सुपर मार्केटमधून टाको मसाल्याचे पाकीट, मक्याचे तिकोनी चिप्स, किसलेले चीज आणि बाटलीतला सालसा असा सारा ऐवज घरी येतो. पाकिटावरील सूचनेबरहुकूम चिकन परतले जाते, त्यावर चीज पसरले जाते आणि पहिल्या घासालाच निराशा पदरी पडते. जिऱ्याचा भपकारा तेवढा जाणवतो. कोंबडी आतून फिकी आणि कोरडी राहते. चार-पाचशे रुपये खर्चून केलेल्या या खटाटोपापेक्षा आपला रस्साच बरा होता, असा निष्कर्ष निघतो.

यात दोष करणाऱ्याचा नसतो. पाकिटामागील घटकांची यादी वाचली तर मीठ, साखर, पिष्ट, जिरेपूड, लसणाची पूड आणि थोडे तिखट असाच मामला बहुधा आढळतो. पूड भुरभुरून मेक्सिकन चव येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कारण त्या देशातील घरांत कोंबडीला चव येते ती पुडीतून नव्हे, तर ओल्या वाटणातून.

टेक्सासचे खाणे आणि मेक्सिकोचे खाणे

आपल्याकडे 'मेक्सिकन' या नावाने जे पदार्थ रूढ झाले, त्यांतील बरेचसे मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवर जन्मले किंवा वाढले. टेक्सास हा प्रांत १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. १८४५ मध्ये तो अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाला. तेथील मेक्सिकन वंशाच्या लोकांचा स्वयंपाक आणि अमेरिकेतील गोमांस, गव्हाचे पीठ, पिवळे चीज यांच्या मिलाफातून 'टेक्स-मेक्स' म्हणून ओळखली जाणारी पाकपद्धती तयार झाली. जिरे घातलेली 'चिली पावडर' बाजारात आणली ती टेक्सासमधील विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने, १८९० च्या दशकात. नाचोज हा पदार्थ १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सीमेवरील गावी इग्नासिओ आनाया यांनी आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यांसाठी केला, असे सांगतात. इग्नासिओ या नावाचे लाडके रूप 'नाचो', आणि त्यावरून पदार्थाचे नाव पडले. फाहिता हाही मूळचा टेक्सासमधील गुराख्यांचा, गोमांसाच्या पट्ट्यांचा पदार्थ. त्यात कोंबडी आली ती नंतर.

टेक्स-मेक्स ही स्वतंत्र आणि रुचकर परंपरा आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिलाच मेक्सिको समजले की मोठा ठेवा नजरेआड होतो. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. पुएब्ला, वाहाका, युकातान, मिचोआकान अशा प्रत्येक प्रांताची चव तेथे वेगळी आहे. मूळच्या इंग्लंडच्या डायना केनेडी १९५७ मध्ये मेक्सिकोत गेल्या. पुढील अनेक दशके त्यांनी खेडोपाडी हिंडून घरोघरच्या बायकांकडून पाककृती टिपल्या. 'द क्विझिन्स ऑफ मेक्सिको' हे त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाचकांना चीजच्या थराखालचा मेक्सिको दिसू लागला. २०२२ मध्ये मेक्सिकोतच त्यांचे निधन झाले.

कोंबडी स्पेनची, मिरची तिथली

गंमत म्हणजे कोंबडी ही मेक्सिकोची नव्हेच. एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि १५२१ मध्ये आस्तेक साम्राज्याची राजधानी तेनोच्तित्लान पडली. तोपर्यंत तेथे पाळला जाणारा मोठा पक्षी म्हणजे टर्की. कोंबडी आणि डुक्कर स्पॅनिश लोकांबरोबर आले. मिरची, टोमॅटो, मका, लाल भोपळा ही मात्र त्या भूमीचीच संपत्ती. 'चिली' आणि 'टोमॅटो' हे शब्दसुद्धा आस्तेकांच्या नावात्ल भाषेतून जगभर गेले.

आपला संबंध येथेच येतो. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली आणि पाहता पाहता तिने मिऱ्याची जागा घेतली. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचा रंग आणि गोव्याच्या रेशादचा झणका ही त्या अर्थाने मेक्सिकोची देणगी आहे. मिरची आपण घेतली, पण ती वापरण्याची तेथील रीत घेतली नाही. घरी केलेले मेक्सिकन चिकन फसण्याचे मुख्य कारण याच फरकात दडले आहे.

आपल्याकडे मिरची बहुतांशी तिखटासाठी वापरली जाते. चमचा, दोन चमचे लाल तिखट फोडणीत पडले की काम झाले. रश्श्याला दाटपणा येतो तो कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने. मेक्सिकोत मात्र सुक्या मिरचीकडे मसाला म्हणून नव्हे, तर सुकवलेले फळ म्हणून पाहिले जाते. चार माणसांच्या रश्श्याला सहा-आठ मोठ्या मिरच्या भिजवून, वाटून घातल्या जातात आणि रश्श्याला अंग येते ते मिरचीच्या गरानेच. तिखटपणा त्यात बेताचा असतो. चव मनुकांसारखी गोडसर, किंचित आंबट, किंचित कडसर आणि धुरकट अशी अनेक पदरी लागते.

कोणती मिरची कशासाठी?

मेक्सिकोत एकाच मिरचीची ओली आणि सुकी अशी दोन नावे असतात. पोब्लानो नावाची जाड सालीची हिरवी मिरची पिकून सुकली की तिला 'आंचो' म्हणतात. ती गोडसर आणि अगदी सौम्य. 'ग्वाहियो' लालभडक, पातळ सालीची, किंचित आंबूस. 'पासिया' काळपट आणि लांब. आपल्या परिचयाची हालापेन्यो पिकवून, धुरावर वाळवली की तिचे 'चिपोत्ले' होते. नावात्ल भाषेत या शब्दाचा अर्थच 'धुरावलेली मिरची' असा आहे. तिखटजाळ हवे असेल तेव्हा बारीक 'अर्बोल' मिरची घालतात.

या मिरच्या मोठ्या शहरांतील आयात मालाच्या दुकानांत किंवा इंटरनेटवरून मिळू शकतात. त्या न मिळाल्या तरी बेत रद्द करण्याचे कारण नाही. ग्वाहियोच्या जागी कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याची बेडगी मिरची चांगली चालते. रंग गडद आणि तिखटपणा आपल्या इतर मिरच्यांच्या मानाने कमी. आंचोची गोडी हवी असल्यास काश्मिरी मिरचीबरोबर चार-पाच मनुका वाटाव्यात. मेक्सिकोतील कित्येक वाटणांत मनुका घालतातच, त्यामुळे ही जोड उपरी वाटत नाही. अर्बोलची उणीव एखाद-दुसरी लवंगी मिरची भरून काढते. चिपोत्लेचा धुरकटपणा मात्र मिरचीतून मिळणार नाही. त्यासाठी निखाऱ्याची धुरी द्यावी लागेल.

तिखटपणा कमी करायचा तर बियांइतकेच बियांना धरून ठेवणाऱ्या फिकट शिरांकडे लक्ष द्यावे. मिरचीतील दाहक द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन मुख्यतः या शिरांत तयार होते. बिया शिरांना चिकटून असल्याने तिखट लागतात, इतकेच. मिरचीचे देठ काढून, ती कात्रीने उभी कापून, शिरा आणि बिया झटकून टाकल्या की बेडगीसुद्धा लहान मुलांना सोसेल इतकी सौम्य होते.

भाजणे, भिजवणे, वाटणे, परतणे

मेक्सिकन वाटणाचा पहिला टप्पा तव्यावर होतो. तेथील तव्याला 'कोमाल' म्हणतात. पूर्वी तो मातीचा असे, आता लोखंडाचाही असतो. मध्यम आचेवर कोरडा तवा तापवून त्यावर उघडलेली मिरची उलथन्याने दाबून धरायची. एका बाजूला वीस ते तीस सेकंद पुरेत. वास सुटला, सालीचा रंग किंचित बदलला की उतरवायची. मिरची काळी पडली की साऱ्या रश्श्यात कडवटपणा उतरतो आणि मग साखर, मीठ, लिंबू कशानेही तो जात नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने पहिल्या प्रयत्नात आच मोठी ठेवली, तेव्हा रस्सा तर कडू झालाच, शिवाय घरातील सर्वांना ठसका लागून जेवण अर्धा तास लांबले. तेव्हापासून खिडकी उघडून, एका वेळी दोनच मिरच्या भाजण्याचा नियम पाळला जातो.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवाव्यात. तोवर त्याच तव्यावर अख्खे टोमॅटो, कांद्याच्या जाड चकत्या आणि न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या भाजायला ठेवाव्यात. मिरचीला जपायचे असते, पण टोमॅटो-कांद्याला काळे डाग पडू द्यायचे असतात. टोमॅटोची साल फुटून करपावी आणि आतला गर मऊ पडावा. या डागांतूनच शेगडीवर भाजलेल्या वांग्यासारखी चव येते. लसूण सालीसकट भाजल्याने आत वाफेवर शिजतो आणि त्याचा उग्रपणा जातो.

पुढे सारे एकत्र वाटायचे. मेक्सिकोत त्यासाठी दगडाचे दोन परंपरागत प्रकार आहेत. 'मेताते' म्हणजे तीन पायांचा, उतरता पाटा आणि त्यावरचा वरवंटा. 'मोल्काहेते' म्हणजे काळ्या दगडाचा खल. आपल्या आजीला ही दोन्ही साधने ओळखीची वाटली असती. आज तेथेही बहुतेक घरांत मिक्सरच चालतो. मिरची भिजवलेले पाणी आधी चाखून पाहावे. कडू नसेल तर वाटताना तेच वापरावे, कडू असेल तर ओतून द्यावे. बेडगीची साल चिवट असते, म्हणून वाटण गाळणीतून घासून घ्यावे. हा कंटाळवाणा भाग टाळला तर रस्सा खरखरीत लागतो.

चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित. जाड बुडाच्या भांड्यात दोन-तीन मोठे चमचे तेल चांगले तापवून त्यात हे पातळ वाटण एकदम ओतायचे. ते जोरात तडतडते, उडते, म्हणून झाकण हाताशी ठेवावे. मग दहा मिनिटे सतत ढवळत परतायचे. वाटणातील पाणी आटेपर्यंत त्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच राहते. पाणी उडाले की तापमान वाढते आणि शर्करा व प्रथिनांतील घटक यांच्या संयोगातून खमंगपणा निर्माण होतो. मिरचीचा रंग आणि दाह देणारी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात, हे दुसरे कारण. रंग लालवरून विटकरीकडे झुकला, वाटण दाट झाले आणि कडेने तेल सुटू लागले की समजावे, चव पक्की झाली. पाकिटातील पुडीला हा संस्कार मिळत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत कच्ची लागते.

कोंबडी आधी उकडायची

मराठी रश्श्यात कच्ची कोंबडी मसाल्यात परतून त्यातच शिजते. मेक्सिकोतील बऱ्याच घरगुती पदार्थांत मात्र कोंबडी आधी साध्या पाण्यात उकडून घेतात. मग तिचे तंतू सोडवून किंवा तुकडे तसेच ठेवून ते वाटणात सोडतात. उकडलेले पाणी, म्हणजे अळणी सूप, रस्सा पातळ करण्यासाठी वापरतात. मांस, सूप आणि वाटण या तिन्हींची चव वेगवेगळी तयार होऊन शेवटी एकत्र येते.

एक किलो हाडांसकट कोंबडीला सव्वा ते दीड लिटर पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, पाच-सहा मिरे आणि दीड चमचा मीठ पुरते. पाणी खळखळ उकळू देऊ नये. वर येणारा फेस काढून, मंद आचेवर बुडबुडे जेमतेम येतील अशा बेताने तीस-पस्तीस मिनिटे ठेवावे आणि मग त्याच पाण्यात कोमट होऊ द्यावे. जोराच्या उकळीने मांस आक्रसून चोथट होते. छातीपेक्षा मांडीचे मांस घ्यावे, ते ओलसर राहते. गावठी कोंबडी असेल तर वेळ दुपटीहून अधिक लागेल, मात्र सूप अधिक दमदार होईल.

येथे आरोग्याचा मुद्दाही आहे. कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुतल्याने जंतू जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पसरतात. जंतू मरतात ते उष्णतेने. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत गेले की ते खाण्यास सुरक्षित समजले जाते. मेक्सिकन ताटात कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू वरून येत असल्याने त्यांची सुरी आणि पाट वेगळा ठेवणे अधिकच गरजेचे.

तीन घरगुती प्रकार

ही पद्धत समजली की पाककृती पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही. सुरुवातीसाठी पुढील तीन प्रकार सोयीचे आहेत. प्रमाण चार माणसांचे आहे.

तिंगा
साहित्य : उकडून तंतू सोडवलेले चिकन अर्धा किलो, उभे चिरलेले कांदे दोन, पिकलेले टोमॅटो चार, लसूण तीन पाकळ्या, चिपोत्ले दोन (किंवा बेडगी मिरच्या चार व लवंगी एक), ओरेगानो अर्धा चमचा, तेल, मीठ, सूप अर्धी वाटी.
कृती : पुएब्ला प्रांतातील हा पदार्थ नवशिक्यांना सर्वांत सोपा. वर सांगितल्याप्रमाणे मिरच्या, टोमॅटो आणि लसूण भाजून वाटावे. तेलात कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. त्यात वाटण ओतून दहा मिनिटे परतावे. ओरेगानो, मीठ, सूप आणि चिकन घालून रस अंगाबरोबर होईपर्यंत मंद आचेवर ठेवावे. चिपोत्ले नसल्यास शेवटी पदार्थाच्या मधोमध छोट्या वाटीत पेटलेला निखारा ठेवून त्यावर तेलाचा थेंब सोडावा आणि तीन-चार मिनिटे घट्ट झाकण ठेवावे. तळलेल्या किंवा तव्यावर कडक केलेल्या तोर्तियावर, म्हणजे तोस्तादावर, वाढतात. वर चिरलेला कोबी, घट्ट दही आणि लिंबू.

दाण्याच्या रश्श्यातील कोंबडी
साहित्य : उकडलेल्या कोंबडीचे तुकडे एक किलो, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या पाच, टोमॅटो तीन, अर्धा कांदा, लसूण तीन पाकळ्या, लवंगा दोन, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मिरे चार, पावाचा एक तुकडा, सूप तीन वाट्या, तेल, मीठ.
कृती : 'एनकाकाहुआतादो' असे लांबलचक नाव असलेला हा पदार्थ खान्देशात किंवा विदर्भात कुणालाही परका वाटणार नाही. पाव तेलात तळून घ्यावा. लवंग, दालचिनी, मिरे किंचित शेकावेत. भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो, कांदा, लसूण, दाणे आणि पाव सारे सूपाबरोबर अगदी गुळगुळीत वाटावे. तापलेल्या तेलात वाटण परतून उरलेले सूप घालावे आणि वीस मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावे. दाणे बुडाला लागतात, म्हणून ढवळत राहावे. शेवटी कोंबडी सोडून दहा मिनिटे मुरू द्यावी. भाताबरोबर वाढावे.

केळीच्या पानातील कोंबडी
साहित्य : कच्च्या कोंबडीचे मोठे तुकडे एक किलो, शेंदरीच्या बिया दोन चमचे, दोन संत्र्यांचा व दोन लिंबांचा रस, भाजलेला लसूण सहा पाकळ्या, मिरे सहा, लवंगा दोन, जिरे पाव चमचा, ओरेगानो अर्धा चमचा, तेल, मीठ, केळीची पाने.
कृती : युकातान प्रांतातील माया लोक जमिनीत खड्डा करून त्यात मांस भाजत. त्या भट्टीला 'पिब' म्हणत आणि त्यावरून या पदार्थाला 'पिबिल' हे नाव मिळाले. तेथे आंबट जातीचे संत्रे वापरतात. आपण संत्रे आणि लिंबू यांचे मिश्रण करावे. शेंदरीच्या बिया दगडासारख्या टणक असतात, म्हणून त्या रसात रात्रभर भिजवून मग मसाल्याबरोबर वाटाव्यात. बिया न मिळाल्यास काश्मिरी मिरचीने रंग येईल, मूळचा मातकट सुगंध येणार नाही. हे वाटण, मीठ आणि तेल कोंबडीला चोळून तीन-चार तास ठेवावे. आंबट रसात त्याहून फार काळ ठेवल्यास मांस पिठूळ होते. पाने विस्तवावर शेकून मऊ करावीत, आपण पानगीसाठी करतो तशीच. त्यांत कोंबडी गुंडाळून, जाड बुडाच्या भांड्यात थोडे पाणी घालून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तासभर शिजवावी. बरोबर लिंबाच्या रसात मीठ घालून मुरवलेला लाल कांदा हवाच.

मोले : घाई नको

मेक्सिकन कोंबडीचा विषय निघाला की 'चॉकलेट घातलेला रस्सा' म्हणून मोले पोब्लानोचे नाव हमखास निघते. 'मोले' हा शब्द नावात्ल भाषेतील 'मोल्ली', म्हणजे वाटून केलेला रस्सा, या शब्दावरून आला. पुएब्ला शहरातील सांता रोसा मठातील जोगिणींनी बिशपच्या स्वागतासाठी हा रस्सा प्रथम रांधला, ही कथा लोकप्रिय आहे. इतिहासाचा आधार तिला फारसा नाही. मुळात मिरचीचे दाट रस्से स्पॅनिश लोकांच्या आधीपासून तेथे होतेच.

या रश्श्यात वीसहून अधिक जिन्नस पडतात. तीन-चार जातींच्या मिरच्या, तीळ, बदाम, दाणे, मनुका, तळलेली तोर्तिया, लवंग, दालचिनी. चॉकलेट असते, पण अगदी थोडे. मिरचीचा कडसरपणा आणि मसाल्याची धार सौम्य करण्यापुरते. प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा किंवा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी. आपल्याकडे गोडा मसाला करताना धने, तीळ, खोबरे, दगडफूल वेगवेगळे भाजतात, त्यामागील तर्क हाच. मोले हे लग्नाकार्यातले, अनेक हातांनी मिळून करण्याचे काम आहे. एकट्याने सुटीच्या दिवशी घाईने उरकण्याचे नव्हे. वरील दाण्याचा रस्सा दोन-तीनदा जमला की त्याकडे वळावे.

बरोबर काय वाढावे?

तोर्तियाविना हे जेवण पुरे होत नाही. मात्र आपले मक्याचे पीठ आणून तोर्तिया लाटू गेल्यास त्या चिरफळतात. कारण तोर्तियाचे पीठ साध्या मक्याचे नसते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओले वाटतात. साधारण एक किलो मक्याला दहा ग्रॅम खाण्याचा चुना लागतो. या प्रक्रियेने दाण्याचे साल सुटते, पीठ चिकट होते, खास सुगंध येतो आणि मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका युरोपात गेला, पण ही चुन्याची रीत सोबत गेली नाही. परिणामी उत्तर इटलीसारख्या मक्यावर जगणाऱ्या भागांतील गरिबांना नायासिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. मेक्सिकोतील शेतकरी मात्र हजारो वर्षे मका खाऊनही त्यापासून दूर राहिला.

घरी एवढा व्याप नको असेल तर गव्हाची पातळ पोळी निःसंकोच वापरावी. मेक्सिकोच्या उत्तर भागात, विशेषतः सोनोरा प्रांतात, गव्हाच्या तोर्तियाच खातात. तेव्हा पोळीत गुंडाळलेला तिंगा म्हणजे काही अपराध नव्हे.

हात कुठे आवरावा?

मराठी हाताला काही सवयी असतात. कोंबडी दिसली की हळद, आले-लसणाचे वाटण, गरम मसाला आपोआप पडतो. मेक्सिकन पदार्थ करताना नेमके येथेच थांबावे लागते. हळद आणि आले यांना तेथील घरगुती रश्श्यात स्थान नाही. जिरे असते, पण चिमूटभर. पाकिटातील मसाल्यासारखे चमचाभर नव्हे. चीज असलेच तर पांढरे, चुरा होणारे आणि वरून भुरभुरण्यापुरते. त्या जागी किसलेले पनीर मीठ लावून वापरता येते. ओरेगानो पिझ्झाबरोबर मिळणारे चालेल. मेक्सिकोतील ओरेगानो ही वेगळ्या कुळातील वनस्पती आहे आणि तिचा वास अधिक तीव्र असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र सढळ हाताने करावी. शिजलेल्या, दाट, भाजक्या चवीच्या पदार्थावर काहीतरी कच्चे, आंबट आणि करकरीत वाढण्याची तेथील पद्धत आहे. बारीक चिरलेला पांढरा कांदा, कोथिंबीर, मुळ्याच्या चकत्या, लिंबाची फोड यांतले जे मिळेल ते. लिंबू पातेल्यात नव्हे, ताटात पिळावे. आपल्या जेवणात कोशिंबीर जे काम करते, तेच हे.

हिशेब केला तर तिंग्याला लागणारे जवळजवळ सारे साहित्य कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आणि भाजीबाजारात मिळते. वेळ साधारण दीड तास, आणि त्यातील निम्मा कोंबडी उकडण्याचा. वाटण परतून हवाबंद डब्यात ठेवले तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. उरलेल्या सूपात भात शिजवावा किंवा टोमॅटोचे सार करावे. तेव्हा येत्या रविवारी टाको मसाल्याचे पाकीट दुकानातच राहू द्यावे, पाव किलो बेडगी आणावी आणि आच मंद ठेवावी. ठसका लागलाच तर खिडकी उघडावी, बेत बदलू नये.